पारोळ्याचे नाना गेलेच नव्हते

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, छापखान्याच्या मालकांना नाही — आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या सदूभाऊला तर नाहीच नाही. आज तुला सांगतोय. का? घरात केळीचे दोन घड टांगलेत, त्यांचा वास सुटलाय आणि मला काही स्वस्थ बसवत नाहीये. घाबरू नकोस, खूनबिन केलेला नाही. उलट एका चांगल्या धडधाकट माणसाला मी — पण थांब, क्रमानं सांगतो. म्हणजे, सांगता आलं तर.

आमचा छापखाना जळगावात. मालक आबा. आबा दरवर्षी एक जाडजूड पुस्तक काढतात, 'खानदेश वाटाड्या'. धुळ्यात कोणता वकील कुठं बसतो, भुसावळला कोणती गाडी कधी लागते, सरकीची पेंड कुठं मिळते, विमा कंपनी कोणती आणि ती कधी निघाली, सगळं त्यात. लोक ते पंचांगाशेजारी ठेवतात आणि पंचांगाइतकंच मानतात. वाटाड्यात आलं म्हणजे खरं! दरवर्षी जुनी माहिती काढून नवी घालायची, हे काम माझं. म्हणजे बघ, अख्ख्या खानदेशाचं खरं-खोटं माझ्या हातात. अशा माणसानं जरा तरी जपून राहायला नको का?

तर एका विमा कंपनीनं नाव बदललं. कोणत्या ते विचारू नकोस. आधी तिचं नाव इंग्रजी होतं आणि छाप मुकुटाची. पण दिवस बदलले होते. गावोगाव खादीच्या टोप्या दिसायला लागल्या होत्या आणि मुकुटाचा कागद पुढं केला की शेतकरी हात मागं घ्यायचा. मग कंपनीनं आपल्याकडच्या नदीचं नाव घेतलं आणि छाप केली केळीची — एक मोठी केळ, पायाशी दोन पिलं. केळ घड देते आणि जाते, पिलं मागं उभी राहतात. विम्याला याहून चांगलं चित्र कुठलं? ते सुचलं होतं सदूभाऊला. हेही वाटाड्यात कधी आलं नाही.

सदूभाऊ म्हणजे कंपनीचा पारोळ्याकडचा एजंट. मूळचा रावेरचा, केळीच्या बागेतच वाढलेला. सायकलवरून गावंच्या गावं पालथी घालायचा. तेव्हा विम्याच्या माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. मरणाचं बोलायला आला म्हणून बायका अंगणातूनच हाकलायच्या. सदूभाऊ मरणाचं नावच काढायचा नाही. म्हणायचा, समजा तुम्ही काशीला गेलात आणि तिथंच रमलात, तर घरच्यांनी काय करायचं? लोक हसायचे नि अंगठा उठवायचे. जळगावला आला की छापखान्यात डोकवायचा, माझ्याबरोबर चहा प्यायचा, आबांची नक्कल करायचा. मला तो फार आवडायचा. हे मी मुद्दाम सांगतोय.

कंपनीचे मॅनेजर धुळ्याला बसत. त्यांनी आबांना कळवलं की वाटाड्यातली आमची माहिती बदला. नवं नाव, नवी छाप आणि सोबत कंपनीचा छोटासा इतिहास — असा, की वाचून माणसाचं काळीज हललं पाहिजे. कंपनीचे पहिले विमेदार पारोळ्याचे दगडूनाना पाटील. त्यांना भेटा, त्यांचे चार शब्द घ्या. आबांनी मला पारोळ्याला पिटाळलं.

उन्हाळ्याचे दिवस. मोटार एरंडोलला बंद पडली. ड्रायव्हर जो खाली शिरला तो बाहेर येईना. नानांची बहीण, अक्का, एरंडोललाच दिलेली होती. म्हटलं तिच्याकडं जाऊन पाणी तरी प्यावं. जातो तर घरात रडारड! पारोळ्याहून माणूस आला होता — नाना सकाळीच गेले. अक्का ऊर बडवत होती, शेजारणी तिला आवरत होत्या.

आणि तो निरोप घेऊन आलेला माणूस? तो ओट्यावर मांडी घालून निवांत बिडी ओढत होता. अरे, मरणाचा निरोप आणणारा असा बसतो का? तुझ्या आलं ना लक्षात? कावळा डोक्यावर बसला की आपल्याकडं काय करतात? नात्यात कुठंतरी खोटाच निरोप धाडतात, की माणूस गेला. तिथं जिवाभावाचं कुणी खरंखुरं रडलं की अपशकुन टळला. मग थोड्या वेळानं सांगायचं — सगळं खोटं बरं का, डोळे पुसा, गूळ खा. मला हे ठाऊक नव्हतं? माझ्या मामासाठी माझी आई अशीच धाय मोकलून रडली होती आणि नंतर त्याच मामाला शिव्या देत बसली होती. घटकाभर थांबलो असतो तर अक्काच्या हातचा गूळ मलाही मिळाला असता.

मी थांबलो नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. चला, आता उन्हातान्हात पारोळ्यापर्यंत जायला नको! परतीची मोटार मिळाली तसा जळगावला आलो आणि झोकात इतिहास लिहून काढला.

काय लिहिलं होतं म्हणून सांगू! दगडूनाना कैलासवासी झाले. कंपनीनं विम्याची रक्कम तात्काळ त्यांच्या दारी नेऊन दिली. 'त्या माउलीनें कागदावरील केळीच्या छापेस हळदकुंकू वाहिलें व म्हणाली, माझ्या धन्याच्या पिलांस सावली मिळाली.' नवरा गेलेल्या बाईला मी हळदकुंकू वाहायला लावलं, एवढंसुद्धा मला भान राहिलं नाही. आणि रक्कम? ती काय, पुस्तक बाहेर पडेपर्यंत कंपनी देईलच की, मग त्यात खोटं कुठं आलं — असा माझा हिशेब. आबांनी वाचून डोळे पुसले. गडबडीत होतो, धुळ्याला कुणाला दाखवलंही नाही. पुस्तक छापलं, बांधलं, गावोगाव गेलं.

मग एका दुपारी छापखान्याच्या दारात काठी टेकत एक म्हातारे उभे राहिले. काखेत वाटाड्या. कागदाच्या गठ्ठ्यावर ऐसपैस बसले आणि मला म्हणाले, "भाऊ, मी मरी गऊ, नि माले कोनी सांगं बी नही?"

नाना! पोट धरधरून हसत होते. खोट्या मरणानं आयुष्य वाढतं, आणि त्यांचं तर छापील मरण. आते मी शंभर वरीस जगसू, असं आबांना ठणकावून सांगितलं आणि मला पेढा दिला. पेढा मी कागदात गुंडाळून तसाच ठेवून दिला.

कारण पारोळ्यात कुणी हसत नव्हतं. रक्कम दिली असं वाटाड्यात आहे, म्हणजे दिली असणारच. मग ती गेली कुठं? नानांचे भाऊबंद नानांच्याच घरी वाटा मागायला गेले — नाना समोर बसलेले असताना! घरच्यांनी हात झटकले तसं सगळं गाव सदूभाऊकडं बघायला लागलं. विम्याचा माणूस तोच ना? जित्या माणसाला मेलेला दाखवला आणि पैसे खाल्ले, अशी कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या ओट्यावर बसून तो हसवायचा, त्यांनी ओट्यावर बोलावणं बंद केलं. नाना घरोघर समजावत फिरले, पण नानांपेक्षा लोकांचा वाटाड्यावर विश्वास जास्त.

मॅनेजर तडक जळगावला आले. सदूभाऊलाही बोलावलेलं. तो बाहेर सायकल धरून उभा होता, आत आबा लालबुंद, आणि मॅनेजरनी मला विचारलं, "ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

आता इथं — इथंच अडतं माझं. मनातल्या मनात कितीदा इथवर आलोय आणि मागं फिरलोय. काय अवघड होतं रे? म्हणायचं, साहेब, मी पारोळ्याला गेलोच नाही, बाकी सगळं माझ्या मनचं. आबांनी हाकललं असतं. फार तर काय झालं असतं? हाकललंच असतं ना?

मी म्हणालो, "कंपनीच्याच माणसानं."

त्या बाजूला कंपनीचा माणूस एकच. नाव घ्यायची पाळीच आली नाही आणि तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली, की बघा, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. सदूभाऊनं मला काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसांत तो मला भेटलाही नव्हता. आणि वर मी हात जोडून म्हणालो, साहेब, माणूस गुणाचा आहे, सांभाळून घ्या. शी! आठवलं की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मॅनेजरनी बाहेर जाऊन त्याची एजंटी काढून घेतली. आणि बघ कसं असतं, त्याला त्यांनी माझं दुसरं वाक्य, ते 'सांभाळून घ्या' म्हटलेलं, तेवढं सांगितलं, पहिलं नाही. सदूभाऊला वाटलं, धुळ्याच्या कचेरीतल्याच कुणीतरी आपलं नाव पुढं केलं. तो आत आला. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्यानं माझा हात धरला. "एवढ्या लोकांत तू एकटा माझ्यासाठी बोललास," म्हणाला.

मी विचारलं, चहा घेणार का?

पुढच्या वर्षी मॅनेजरांच्या सांगण्यावरून वाटाड्यात एक ओळ वाढली. 'पूर्वीं येथें आलेला मजकूर एका एजंटाच्या खोट्या माहितीमुळें होता. सदर एजंटास कंपनीनें दूर केलें असून कंपनीचा कारभार चोख आहे.' लिहिली मीच. दुसरं कोण लिहिणार? मग दरवर्षी मी त्या पानावर बसलो. कचेरीचा पत्ता बदलला, केळीची छाप ठळक केली, जुने डायरेक्टर काढून नवे घातले. ओळ तशीच. नाव नव्हतं, पण पारोळ्यापासून रावेरपर्यंत ज्याला त्याला नाव ठाऊक होतं.

सदूभाऊ सायकल विकून रावेरला गेला, भावाबरोबर केळी करायला लागला. माणूस कामाचा, बाग चांगली उभी केली. आणि दरवर्षी न चुकता मला एक घड पाठवायचा. भुसावळपर्यंत कुणाच्या गाडीत, तिथून रेल्वेनं, ओळखीच्या माणसाच्या हाती. केळी काय गोड असायची! मी खायचो. दरवर्षी खायचो. शेजारीपाजारी वाटायचो आणि सांगायचो, आमच्या मित्राच्या बागेतली आहेत.

यंदा इंग्रज गेले. आबा म्हणाले, वाटाड्या पुन्हा पहिल्यापासून जुळवा, नव्या राज्यात जुनं खरकटं नको. ते काम चालू असताना सदूभाऊ स्वतः आला. केस पिकलेत, हसणं तेच. इकडचं तिकडचं बोलला, आबांची नक्कल केली, आणि मग टोपी हातात घेऊन फिरवत बसला. त्याच्या मुलीला पारोळ्याचं स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा शिकलेला, मुलीलाही पसंत. पण मुलाच्या आजोबांनी कपाटातून वाटाड्या काढून ती ओळ पुढं ठेवली होती. "मी म्हटलं, हे खोटं आहे," सदूभाऊ म्हणाला. "ते म्हणाले, पण वाटाड्यात आहे."

यंदा ती ओळ निघते का बघ, एवढंच त्याचं मागणं. तू तेव्हाही माझ्यासाठी बोलला होतास, म्हणाला.

छापखान्यात त्या वेळी आम्ही दोघंच होतो. यंत्र बंद, आबा जेवायला गेलेले. याहून चांगली वेळ कधी यायची होती? तो असा समोर बसलेला. मी म्हणालो, बघतो.

आणि काढली. कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. जुने मॅनेजर कधीच गेले, नव्यांना त्या ओळीचा पत्ताच नव्हता. एका ओळीतल्या अक्षरांचे खिळे उचलायचे नि पेटीत टाकायचे — इतकी वर्षं एवढंसंच काम होतं बघ! तिथं खरी गोष्ट घालता आली असती. जागा होती. मी खालचा मजकूर वर सरकवला.

लग्न पारोळ्याला झालं, झकास झालं. दगडूनाना पहिल्या रांगेत, शंभरीकडं निघालेले, दिसेल त्याला आपल्या मरणाची गोष्ट सांगत होते आणि मांडव हसत होता. सदूभाऊनं मला व्याह्यांसमोर नेलं. माझ्या वाईट दिवसांत एकटा हा माझ्या बाजूनं उभा राहिला, असं सगळ्यांदेखत सांगितलं आणि स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. मुलाचे आजोबा माझ्या पाया पडले. म्हाताऱ्या माणसानं पाया पडू नये म्हणून मी त्यांना वरच्या वर धरलं — लोकांना तेही फार आवडलं.

फेटा खुंटीला आहे. काल रावेरहून माणूस आला. दरवर्षी एक घड यायचा, यंदा दोन आलेत. बायको विचारत होती, यंदा दोन कसे हो? मी म्हटलं, पीक चांगलं आलं असेल.