भिंतीवरची तिसरी ओळ

पेंटर पट्टी न लावता वीतभर उंचीचं अक्षर काढायचा. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागच्या फळ्या, हे सगळं पोटासाठी. पण प्रार्थनागृहाच्या रस्त्याकडच्या भिंतीवरचे पाच नियम मात्र त्यानं फुकट रंगवले होते, तेही ऑइल पेंटमध्ये. दर दोन वर्षांनी शिडी लावून पुन्हा गिरवायचा. त्यातली तिसरी ओळ अशी होती: 'लग्नाची गाठ देवानं बांधली, ती माणसानं सोडू नये.'

सहा वर्षांपूर्वी त्याच्याच पोरीनं ती सोडली. नवरा पट्ट्यानं मारायचा. वर्षभरानं तिनं एका बस कंडक्टरशी दुसरं लग्न लावलं. प्रार्थनागृहात जमणाऱ्या मंडळींच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. त्यांनी पेंटरला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"पेंटर, नियम तुझ्या हातचा आहे. तूच मोडलास तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

पेंटरनं पोरीला दार बंद केलं. तिला मुलगी झाली तेव्हा बायको चोरून बघून आली. जेवताना म्हणाली, "नाक तुमच्यावर गेलंय." पेंटर भरल्या ताटावरून उठला. त्या दिवसापासून घरात पोरीचं नाव निघालं नाही.

यंदा निवडणूक लागली आणि थोरल्यांचं बोलावणं आलं. भिंतीवर उमेदवाराचं नाव टाकायचं होतं. पेंटर रंगाचे डबे घेऊन भिंतीपाशी पोचला.

"वरच्या दोन राहू देत, खालच्या दोन राहू देत. मधली तेवढी पुस आणि तिथं नाव घाल. ठसठशीत."

"तिसरीच का?"

थोरले हसले. "अरे, गड्याची तिसरी बायको आहे. दुसरी अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतेय. त्याचं नाव त्या ओळीखाली आलं तर विरोधी पक्षवाले दात काढतील."

पेंटरला वाटलं, चेष्टाच चाललीय. तोही जरा हसला. मग थोरल्यांचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

"अशा माणसाला आपण मत द्यायचं?"

"त्याला काय जावई करून घ्यायचाय आपल्याला? निवडून आला की कायदे आपल्या मनासारखे करील. मोठ्या कामात असलं बारीकसारीक बघत बसू नये."

"आणि माझी पोर?"

"कुठली पोर?"

थोरल्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान हलवली.

"हां, ती होय! तिचं काय एवढं? तिच्यावाचून आपलं काही अडत नव्हतं."

पेंटरनं उघडलेल्या पांढऱ्या रंगाच्या डब्यावर झाकण दाबून बसवलं. बोटं रंगानं बरबटली.

"दुसऱ्या कुणाकडून पुसून घ्या."

"रागावलास होय? अरे, तुझ्यासारखं अक्षर आहे का कुणाचं!"

तो सायकलवर बसला तो थेट पुलापलीकडे निघाला. पोर तिकडे राहते एवढंच तो ऐकून होता, घर ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत गेलाच नव्हता तर ठाऊक कुठून असणार? 'कंडक्टरचं घर कुठलं?' असं तिघांना विचारत तो एका हिरव्या दारापाशी आला.

पोरीनं दार उघडलं. हात पिठाचे होते. आधी ती घाबरली.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग तुम्ही इकडे कसे? थोरल्यांनी येऊ दिलं?"

पेंटरला खोटं बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "तो नियम पुसायला सांगितला त्यांनी. त्यांच्या उमेदवाराला अडचण होते म्हणून."

आतून लहान मुलीचा आवाज आला, "आई, कोण आलंय?"

"कुणी नाही गं," ती मागं न बघता म्हणाली. मग बापाला म्हणाली, "म्हणजे आता नियम गेला, म्हणून आलात."

तिनं दार लावलं नाही. पण बाजूलाही झाली नाही.