आमच्या लिनक्सचा डॉक्टर

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो पोरगा पंचवटीतून स्कूटरवर यायचा. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरला ‘बाळा’ म्हणायचा आणि मला नुसतं ‘काका’. माया सगळी बाळावर.

लेकीच्या लग्नपत्रिकेची फाइल पेनड्राइव्हवर घालून मी ऐटीत छापखान्यात गेलो, तर ती उघडेचना. छपाई त्याच दिवशी व्हायला हवी होती. घाबरून त्याला तिथंच बोलावलं.

“काका, हा शॉर्टकट आहे. दुकान घरी ठेवून पाटी तेवढी उचलून आणलीत!”

छापखानेवाला पोट धरून हसला. यानं मात्र मला स्कूटरवर घरी नेऊन खरी फाइल दिली.

लग्नात ऐन मंगलाष्टकांत तो कानाशी कुजबुजला, “काका, नवरदेव तरी उघडून बघितलात ना?”

मी मुंडावळ्यांआड डोकावलोच.