विल्फ्रेडच्या गाण्याचा शेवट

विल्फ्रेड गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाकूरद्वारच्या नाक्यावर औषधं घेत होतो. तेरेझा, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "विल्फी गेला रे... सकाळी." तो आजारी होता, हे होणार हेही माहीत होतं. तरी औषधं काउंटरवरच राहिली.

फोर्टातल्या एका ऑफिसात आम्ही शेजारच्या टेबलांवर नोकरी काढली. भायखळ्याचा हा माणूस संध्याकाळी लग्नांत ड्रम वाजवायचा. त्याचा देव म्हणजे एक इंग्लिश रॉक बँड, आणि त्यांचा एक लाइव्ह अल्बम म्हणजे पोथीच. मी भावगीतांतला, मला तो सगळा गोंगाट वाटे आणि तसं मी तोंडावर सांगतही असे. त्या अल्बमचं शेवटचं गाणं संपतच नाही, आवाज बारीक होत होत विरून जातो. विल्फ्रेड आणि त्याचे साथीदार लग्नात ते वाजवायचे, आणि रेकॉर्डवर आहे म्हणून शेवटी तसाच आवाज बारीक करत न्यायचे. नाचणाऱ्यांना कळायचंच नाही, गाणं संपलं की स्पीकर बिघडला!

विल्फ्रेडला हे आयुष्यभर खुपत राहिलं. "स्टेजवर कोण असं संपवतं रे? कसेतरी थांबलेच असतील ना ते लोक?" एलपीनंतर कॅसेट आली, तिच्यात गाण्यांचा क्रमच बदललेला. मग सीडी आली, दोन गाणी जास्त; मग आवाज साफ केलेली आवृत्ती, मग जाड पुस्तिकेसकट आणखी एक. प्रत्येक वेळी तो ती घरी न्यायचा, आधी शेवटचं गाणं लावायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नुसती मान हलवायचा. एकच वस्तू इतक्यांदा विकणाऱ्यांचा मला संताप यायचा. त्याला कधी आला नाही.

यंदा अखेर, तो अल्बम ज्या कार्यक्रमातून काढला त्या संपूर्ण कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचा संच जाहीर झाला. विल्फ्रेडने तो हॉस्पिटलातूनच मागवला. संच घरी पोचला तो मात्र विल्फ्रेडसाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यानंतर... तेरेझाने मला बोलावलं. मी चष्मा लावून पुस्तिका वाचली. कार्यक्रमाच्या रात्री शेवटचं गाणं चालू असतानाच रेकॉर्डिंगची टेप संपली होती, म्हणून आवाज बारीक केलेला. शेवट कुणाकडेच नाही.

"तेरेझा, यातही नाही गं."

"माहितीय मला. हॉस्पिटलात त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं, मोबाइलवर आलेली संचाची माहिती मीच वाचून दाखवली. शेवट नाही असंच लिहिलेलं, पण मी म्हटलं, आहे."

"मग?"

"विचारतो, कसा आहे? मी म्हटलं, ड्रमवर संपतं. जाम खूश झाला. म्हणाला, बोललो नव्हतो? आणि कॉटच्या दांडीवर वाजवूनच दाखवला मला."

कसा, ते मी विचारलं. तिने जेवणाच्या टेबलावर दोन बोटांनी वाजवला. छोटासाच आहे. मला आवडला.