पासपोर्टवाल्याचा बिबट्या

माझे साडू फोटोग्राफर आहेत असं सांगितलं की समोरचा माणूस आदराने विचारतो, "कसले फोटो काढतात?" मी "पासपोर्टचे" म्हटलं की तोच माणूस घड्याळ बघतो. बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर, चाव्या बनवणारा आणि चष्म्याचं दुकान यांच्या मध्ये साडूंचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, एक पांढरा पडदा, एक निळा पडदा आणि एक आरसा. आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा आहे. कंगवा बांधून ठेवावा लागतो, यावरून गिऱ्हाईक कसं आहे ते समजून घ्या.

"मान सरळ. हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू द्या." हा माणूस आयुष्यभर एवढंच बोलला. घरीही फार काही बोलतो अशातला भाग नाही. तान्ह्या मुलांचे पासपोर्ट काढायला लोक येतात, तेव्हा मात्र साडू खुलतात. कोटाच्या खिशातून खुळखुळा काढतात, कॅमेऱ्याच्या वर धरून एकदाच वाजवतात, मूल वर बघतं आणि काम होतं. जे आईबाप पुन्हा पुन्हा चुटक्या वाजवून मुलाला रडवतात त्यांचा साडूंना मनस्वी राग येतो. "एकदाच वाजवायचं," ते सांगतात, "दुसऱ्यांदा वाजवलं की मूल आपल्याला ओळखतं."

तर असा हा तृप्त माणूस. फक्त एक खंत होती. त्यांनी काढलेला एकही फोटो आजवर कुणी भिंतीवर लावला नव्हता. लग्नाची कामं ते घेत नाहीत, कारण लग्नात पळावं लागतं. "माझे फोटो डिंकाने चिकटतात," ते म्हणायचे, "खिळ्याला कधी लागत नाहीत." हे ते हसत म्हणायचे. पहिल्यांदा मीही हसलो होतो. दरवर्षी ऐकायला लागल्यावर हसू येईनासं झालं.

दरवर्षी म्हणायचं कारण, दरवर्षी आमच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन भरतं. मंडळाचे अध्यक्ष हाडांचे डॉक्टर आहेत, उपाध्यक्ष रस्त्यांचे कंत्राटदार. एकाच्या धंद्यावर दुसऱ्याचा धंदा चालतो असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. साडू दरवर्षी प्रदर्शनाला एक फोटो देत आणि मंडळ दरवर्षी तो "पुढच्या वर्षी जरूर" असं म्हणून परत करत असे. खोटं कशाला बोलू, मंडळाचंही अगदीच चुकत नव्हतं. साडूंनी काढलेलं कबूतर मी पाहिलंय. मान सरळ, छाती पुढे, मागे स्वच्छ भिंत. त्या कबुतराला परदेशी जायचं असावं असं वाटायचं.

यंदा मंडळाने डोंगरातली सहल काढली. सोबत गाईड, राहायची सोय, आणि नशिबात असेल तर बर्फातला बिबट्या. साडू जायला तयार नव्हते. त्यांना ताईने ढकललं. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी.

"यंदा तुमचा फोटो लागलाच पाहिजे," ती म्हणाली. "मी सगळ्या गल्लीला सांगून बसलेय."

"अगं, आधी काढू तरी दे."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं सांगून झालंय."

सोबत म्हणून मला पाठवण्यात आलं. ताईच्या मते साडू एकटे गेले तर हरवतील, आणि माझ्या बायकोच्या मते मी घरी राहिलो तर पसारा करीन. साडू हे नातंच समदुःखाचं. दोघांनी बॅगा भरल्या.

तिथे पोचल्यावर कळलं की बिबट्या बघायला जाणं म्हणजे मुख्यतः दगड बघायला जाणं. समोर दरी, पलीकडे उभा कडा, मागे बर्फाचे डोंगर. आपण एका अरुंद कातळावर खांद्याला खांदा लावून बसायचं आणि पलीकडच्या दगडांपैकी कुठला दगड शेपूट हलवतो याची वाट बघायची. डॉक्टरांची लेन्स उचलायला दोन माणसं लागत. कंत्राटदारांनी पानापानांची नक्षी असलेले हिरवे कपडे घातले होते, प्राण्याला दिसू नये म्हणून. त्या मुलखात औषधालाही झाड नव्हतं. मैलभरावरून फक्त कंत्राटदार दिसत होते.

आमची गाईड ही सडसडीत, मोजकं बोलणारी बाई होती. पहिल्याच सकाळी तिने नियम सांगितला. "हाक नाही, शिट्टी नाही, टाळी नाही. कुठलंही आमिष नाही. तो आपल्याकडे बघत नसेल तर ती त्याची मर्जी." मंडळाच्या प्रदर्शनाचाही हाच नियम आहे, असं डॉक्टरांनी लगेच सांगितलं. प्राण्याला आवाजाने किंवा खाण्याने फसवून काढलेला फोटो बाद. सगळ्यांनी माना डोलावल्या. साडूंनीही डोलावली. त्यांच्या मनात शिकारी लोक आणि त्यांचे बांधलेले बोकड आले असणार. स्वतःचा खिसा आला नाही.

बिबट्या येईना, तेव्हा मंडळी डोंगरांचे फोटो काढू लागली. डॉक्टर एका शिखराकडे बघून "विराट" असं म्हणाले आणि प्रत्येक शिखराला पुन्हा तेच म्हणत राहिले. कंत्राटदारांनी एक दगड उचलून हातात तोलून बघितला. मग म्हणाले, "इथे एक खडीचं मशीन टाकलं तर पाच पिढ्या बघायला नको." साडूंनी कॅमेऱ्यात डोळा घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावा खांदा उतरलाय त्याचा," ते डोंगराबद्दल म्हणाले. "पण पडदा चांगला आहे."

आणि मग एका दुपारी तो आला. गाईडबाई वरच्या खिंडीकडे माग बघायला गेली होती. पलीकडच्या कड्यावरचा एक दगड उठला, जांभई दिली आणि पुढे येऊन बसला. एवढा मोठा प्राणी, आणि आल्याचा काही गाजावाजा नाही. मला त्या थंडीतही घाम फुटला. मांजराला वाघाची मावशी म्हणतात; या भाच्याला बघून घरच्या मांजराबद्दलचा माझा आदर वाढला.

कातळावर एकच कडकडाट सुरू झाला. डॉक्टर, कंत्राटदार आणि उरलेले दोघे, सगळ्यांचे कॅमेरे थांबायला तयार नव्हते. वारा सोसाट्याचा होता म्हणून बरं, नाहीतर त्या आवाजाने बर्फ खाली आलं असतं. बिबट्या आमच्याकडे पाठ केल्यासारखा तिरका बसून दरीत बघत होता. एका साडूंचा कॅमेरा तेवढा गप्प होता.

"काढा ना," मी कुजबुजलो.

"एकच कान दिसतोय."

"साडूभाऊ, त्याला व्हिसा नकोय. काढा."

ते ऐकेनात. बोट खटक्यावर, डोळा कॅमेऱ्यात. आणि मग माझ्या कोपराजवळ खुळखुळा वाजला. एकदाच. मी वळून बघितलं तर साडूंचा डावा हात हवेत होता, आणि मला शपथेवर सांगता येईल की तो हात वर गेलाय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पलीकडे बिबट्याने मान फिरवली. सरळ आमच्याकडे बघितलं. दोन्ही कान ताठ, डोळे उघडे, हनुवटी जराशी खाली. साडूंनी एकच फोटो काढला. दुसऱ्या क्षणी कडा रिकामा होता.

"माझ्याकडे बघितलं त्याने," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्याकडे कुठे? माझ्याकडे," कंत्राटदार म्हणाले.

वाऱ्यात आणि स्वतःच्या कडकडाटात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. साडूला सांभाळायला मला पाठवलं होतं, साडूवर साक्ष द्यायला नव्हे.

घरी आल्यावर साडूंनी तो फोटो मोठा करून ताईला दाखवला. ताई चष्मा लावून, चष्मा काढून, लांबून, जवळून बघत राहिली आणि मग गल्लीत पुन्हा एक फेरी मारून आली. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांसमोर फोटो ठेवले गेले, नावं झाकून. समोर पाच बिबटे, पाचही एकाच कातळावरून, एकाच क्षणी कॅमेऱ्याकडे बघणारे. डॉक्टरांची लेन्स इतकी जबरदस्त की शेपूट चौकटीबाहेर राहिली होती. कंत्राटदारांचा बिबट्या थोडा हलला होता, किंवा कंत्राटदार हलले होते. परीक्षकांनी साडूंच्या फोटोवर बोट ठेवलं. पहिला नंबर.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फोटो टांगून झाल्यावर मंडळाचा चहा असतो, आणि त्यात पहिला आलेला माणूस आपला अनुभव सांगतो. साडू उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बारा-पंधरा माणसं त्यांच्या बोलण्याची वाट बघत होती.

"कसं जमवलंत?" कुणीतरी विचारलं. "नजर अगदी थेट आहे."

आणि साडूंनी खिशात हात घातला. मला समोर काय वाढून ठेवलंय ते दिसलं. मी खोकलो, कप खाली पाडला, काही उपयोग झाला नाही. त्यांनी खुळखुळा काढून सगळ्यांना दाखवला. लपूनछपून नाही, कबुली द्यायची म्हणूनही नाही. अभिमानाने. हाताखालच्या मुलाला धंद्यातली खुबी शिकवावी तसे ते म्हणाले, "एकदाच वाजवायचा. दुसऱ्यांदा वाजवला की ओळखतं."

हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं? चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले. डॉक्टर उठले. त्यांनी नियम म्हणून दाखवला आणि फार वाईट वाटत असल्याचं सांगितलं. वाईट वाटणाऱ्या माणसाचा चेहरा मी ओळखतो; तो तसा नव्हता.

"पण मी हाक कुठे मारली?" साडू म्हणाले. "मुलांना वाजवतो तोच वाजवला."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, त्या आवाजाला तो वळला. तुमचाही बिबट्या त्याच आवाजाला वळलेला आहे. मग तो कसा चालतो?"

"आम्ही वाजवला नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "आम्ही फक्त तिथे होतो."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शिपायाने साडूंचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला डॉक्टरांचा बिबट्या लावला, खाली डॉक्टरांच्या नावाची पाटी. साडू बघत उभे राहिले. मला त्या क्षणी इतका संताप आला होता की घरी येऊन मी बायकोशी विनाकारण भांडलो.

"ताईला सांगितलंत?" मी दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात विचारलं.

"सकाळी सांगणार होतो," साडू म्हणाले. "ती साडीला इस्त्री करत होती."

एवढ्यात ताई आलीच, गल्लीतल्या बायकांना घेऊन. चष्मा घरी राहिला होता. तिला पाटी वाचता येणार नव्हती, पण बिबट्या दिसला. सगळ्यांच्या पुढे जाऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि अनोळखी लोकांनासुद्धा सांगू लागली, "हा ह्यांनी काढलाय." मग जरा वाकून म्हणाली, "अहो, शेपूट कुठे गेली? घरी होती ना?"

"फ्रेममध्ये मावली नाही," साडू म्हणाले.

डॉक्टर दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी तोंड उघडलं, ताईकडे बघितलं, मिटलं, आणि पलीकडच्या डोंगरांच्या फोटोंकडे निघून गेले. त्यांच्याबद्दल मी एवढं वाईट लिहिलंय, तर हेही लिहायला हवं.

"माझा एक काढा ना ह्याच्यासोबत," ताई म्हणाली.

साडूंनी कॅमेरा घेतला. "जरा डावीकडे," ते म्हणाले. ती सरकली. "अजून थोडी. नको, मागे. आता एवढीशी उजवीकडे." एक पाऊल स्वतः मागे गेले, गुडघ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. बायका कंटाळून पुढे गेल्या. नावाची पाटी पूर्ण ताईच्या मागे गेल्यावर त्यांनी फोटो काढला.

तो फोटो आता त्यांच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. खिळा ताईने ठोकून घेतला. डॉक्टरांच्या दवाखान्यात तोच बिबट्या याच्या चौपट आकारात लावलेला आहे आणि गल्लीतली अर्धी माणसं तिथे गुडघे दाखवायला जातात, तेव्हा तिला कळलं असणारच, असं मी धरून चाललो होतो. परवा साडू स्टुडिओत असताना मी भीत भीत विषय काढला.

"मला माहीत आहे, भाऊजी," ती म्हणाली. "बिबट्या कुणाचा का असेना. फोटो माझा आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत राहिले नव्हते."

ते पाटीकडे बघत होते, हे मी तिला सांगितलं नाही.