पौर्णिमेची लायटिंग

“हे किती खाते?”

विजेवर चालणारी कोणतीही वस्तू दिसली की भाऊंचा पहिला प्रश्न हाच. ऑफिसात नवा पंखा आला, विचारलं. मी मोबाइलचा चार्जर लावला, तरी विचारलं. दारात बांधायच्या म्हशीबद्दल विचारावं तसं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. लोक त्याला हसतात आणि घरी जाताना दिवे तोच बंद करतो.

अकोल्यात आम्ही एकाच खात्यात होतो, घरंही एकाच गल्लीत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरावर लायटिंग असायची. जुन्या रंगीत बल्बांच्या माळा, गच्चीपासून फाटकापर्यंत. हुकूम वहिनींचा. खर्च होतो म्हणून कुरकुरत का होईना, भाऊ शिडीवर चढायचे.

मग वहिनींना अर्धांगवायू झाला. त्यांची खाट पुढच्या खोलीत, कूलरसमोर आली. त्या वर्षीही भाऊंनी माळा लावल्या आणि संध्याकाळीच बोर्डातून धूर निघाला. जुनं वायरिंग, त्यावर कूलर, त्यावर माळा. वैशाखातला अकोला तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. वायरमन येईपर्यंत भाऊ वहिनींच्या अंगावरून ओला पंचा फिरवत बसले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या माळा भंगारात गेल्या.

पुढच्या वर्षी पौर्णिमा जवळ आली तेव्हा वहिनी अडखळत म्हणाल्या, “यंदा घर अंधारात काहून?”

मी तिथंच होतो. भाऊंनी पायात चपला सरकवल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “चाल रे, बाजारात.”

दुकानदारानं लुकलुकणाऱ्या, पळणाऱ्या, रंग बदलणाऱ्या माळा काउंटरवर पसरल्या.

“लुकलुकनारी नको. तिले चक्कर येते. ही साधी किती खाते?”

“काका, एलईडी हाय. खातच नाही काही.”

“खात नाही तं पेटते कशी?”

दुकानदार हसला. भाऊ हसले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी खोक्यामागचे वॅट वाचले. मग माळ पेटवून ठेवायला लावली आणि तिचे दिवे मुठीत धरून बराच वेळ उभे राहिले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

“गरम नाही झाली,” शेवटी ते म्हणाले. “हिच्यासंग कूलर चालन.”

ती पिवळसर माळ गच्चीवर गेलीच नाही. खाटेवरून दिसेल अशी त्यांनी ती खिडकीभोवती लावली. पौर्णिमेला मी खीर खायला गेलो तेव्हा कूलरही चालू होता, माळही. वहिनी अर्ध्या चेहऱ्यानं हसत होत्या. “दिसून राहिली ना?” भाऊ पुन्हा पुन्हा विचारत होते.

पावसाळ्यात वहिनी गेल्या.

सगळं आटोपल्यावर भाऊ कामावर आले. फाइल मागितली, वाचली, सही केली. डोळे कोरडे. आम्ही बोलायचो, ते मान हलवायचे. त्याच सुमारास ऑफिसात झेरॉक्सचं नवं मशीन आलं. सगळ्यांनी आपसूक भाऊंकडे पाहिलं. त्यांनी डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली.

निवृत्त झाल्यावर लेक त्यांना अमरावतीला घेऊन गेली. यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. भाऊ खुर्चीत बसले होते. लेकीनं दोन खोकी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

“बाबा, तुमीच सांगा, कोनती चांगली?”

“लाव कोनतीबी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंच एक खोकं उचललं, गॅलरीत माळ अडकवली, बटण दाबलं. भाऊंनी तिकडे वळून पाहिलं नाही.

“अकोल्यात लय तपत असन?” त्यांनी मला विचारलं.

“हो, भाऊ.”

“दुपारचा निंगत नको जाऊ.”

मी बरं म्हणालो. तोवर त्यांनी डोळे मिटले होते. दुसरं खोकं अजून त्यांच्या मांडीवरच होतं. ते पडू नये म्हणून लेकीनं अलगद काढून घेतलं.