पाणी, पानी आणि सरूआत्याचे कान

आमच्या घरात माझं कोणीच ऐकत नाही. फक्त सरूआत्याकडे त्यासाठी वैद्यकीय कारण होतं.

मी केडगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो. शिकवतो म्हणजे वर्गात बोलतो. तेव्हा पोरांचं लक्ष खिडकीबाहेर असतं, आणि घरी आल्यावर बायकोचं लक्ष मोबाईलमध्ये असतं. त्यामुळे माझी सख्खी आत्या जामखेडकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली आणि समोर बसून टक लावून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, तेव्हा मी भारावून गेलो. तिला कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं, पण माझं तेवढं ऐकू येतंय असा माझा समज झाला. आठवडाभर मी तिला राजकारण, शिक्षणाची अवस्था आणि आमच्या मुख्याध्यापकांचा स्वभाव, असं सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, त्या तुमचा हलणारा दात बघतायत. पडेल म्हणून."

आत्या इकडे आली होती ती मर्जीने नाही. गावाकडे घरात ती एकटीच. मुलगा दत्ता चाकणला टेम्पो चालवतो आणि तिकडेच बायकापोरांसह एका खोलीत राहतो. एके दिवशी शेजारणीने आत्याचं दार वाजवलं, उघडेना. फोन केला, आत वाजतोय, पण कोणी उचलेना. गल्ली जमली. कोणी म्हणालं गॅस, कोणी म्हणालं अटॅक, आणि चार गड्यांनी खांदे लावून दार फोडलं. आत आत्या भिंतीकडे तोंड करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिने मागे वळून एवढा जमाव पाहिला आणि शांतपणे विचारलं, "बसा की. कोन गेलं?"

दत्ता त्याच दिवशी टेम्पो घेऊन गेला आणि तिला आमच्याकडे सोडून म्हणाला, "दादा, आईला आता एकटं ठेवायचं न्हाई. ऐकायला यायला लागलं तर बघू. न्हाईतर कायमचं तुमच्याकडं नाहीतर माझ्याकडं."

आत्याचं म्हणणं एकच. "मला माझ्या घरी जाऊ द्या. दोन शेळ्या लोकाच्या दारात बांधल्यात. त्या माझ्याबिगर धड खात न्हाईत." असं म्हणून ती स्वतःच धड खात नसे. सुनंदा म्हणाली, "कानाचं काहीतरी करा. ही बाई इथं वाळून जाईल."

मी शिकलेला माणूस असल्यामुळे डॉक्टरकडे न जाता मोबाईलवरून मशीन मागवलं. ते आलं तेव्हा मी ते स्वतःच्या हाताने आत्याच्या कानात बसवलं आणि आवाजाचं चाक पूर्ण फिरवलं. आत्या ताडकन उठली.

"बाळू, तुझ्या घरात मळनी चाललीय का?"

पंखा चालू होता. त्या मशीनला माणसाचं बोलणं आणि पंख्याचं पातं यांतला फरक माहीत नव्हता. ते सगळ्यांना सारखंच मोठं करायचं (तत्त्व म्हणून उदात्त, पण कानाला त्रासदायक). शिवाय ते कानात सैल बसायचं. आत्याला गालावर तळहात टेकून बसायची सवय. हात कानाजवळ गेला की मशीन शिट्टी मारायचं, आणि ती शिट्टी आत्या सोडून सगळ्या घराला ऐकू जायची. पहिल्याच दिवशी सुनंदा कपडे वाळत घालता घालता कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. चार झाल्या, तिने धावत येऊन गॅस बंद केला. कुकरची एकही झालेली नव्हती! चारही आत्याच्या होत्या. दुपारी डाळ चावून खाताना आत्या एवढंच म्हणाली, "शहरात असंच खात असतील." मशीन कानातून निघून कपाटात गेलं, आणि आम्ही नगरातल्या कानाच्या दवाखान्यात गेलो.

तिथे श्रवणतपासणी करणाऱ्या ताई तरुण होत्या, पुण्याच्या, इकडे नवीन आलेल्या. आत एक काचेची खोली होती. त्यात आत्याला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर ताई, त्यांच्यासमोर माईक, आणि शेजारच्या खुर्चीवर मी. सुनंदा बाहेर बाकावर. (दोघांना जागा नव्हती. असती तर ही गोष्ट घडलीच नसती.) मी आत शिरताक्षणी ताईंना सांगून टाकलं होतं की मी मराठीचा शिक्षक आहे. हे मी रिक्षावाल्यांनाही सांगतो.

आधी 'टूं' असा आवाज आला की बटण दाबायचं होतं. आत्याने ते चोख केलं. फक्त दर वेळी बटण दाबून वर "व्हय, आलं" अशी पोचही दिली. मग ताई म्हणाल्या, "आजी, आता मी आवाज मोठा करून एकेक शब्द म्हणते. तुम्ही तोच परत म्हणायचा. साखर."

"बंद केलीय मला."

"तसं नाही आजी. नुसतं म्हणायचं. साखर."

"साखर. पन बंद हाय."

"पाऊस."

"कुठं हाय?"

"आजी, उत्तर नका देऊ. शब्द म्हणा फक्त. पाऊस."

"पाऊस," आत्या म्हणाली, आणि काचेआडून माझ्याकडे बघून हात उडवला. या पोरीला बोलायचं असतं पण पुढे काय बोलावं सुचत नाही, असा त्याचा अर्थ होता.

मग मात्र गाडी रुळावर आली.

"पाणी."

"पानी."

ताई थबकल्या. "काका, 'पानी' म्हणाल्या. बरोबर धरू का? मला इकडची भाषा नीट माहीत नाही. तुम्ही भाषेचे शिक्षक आहात."

आता मला सांगा, माझी अख्खी नोकरी त्या 'न'भोवती लाल गोल करण्यात गेली. किती पोरांच्या किती वह्या मी रंगवल्या. आणि आज एक सुशिक्षित मुलगी, यंत्रासमोर बसून, आदराने माझं मत विचारत होती.

"चूक," मी म्हणालो.

"लोणी."

"लोनी."

"चूक."

"विहीर."

"हीर."

"अर्धा शब्दच गेला," मी हळहळून म्हणालो.

"वीट."

"ईट."

"आई."

"आय."

"मुलगा."

"पोरगं."

इथे ताई पुन्हा घुटमळल्या. "अर्थ तर तोच आहे ना, काका?"

"अर्थाला गुण नसतात," मी म्हणालो. (परीक्षेत मी हेच सांगतो.)

तपासणी संपली. ताईंनी कागद पुन्हा पुन्हा पाहिला. "मला हे जरा विचित्र वाटतंय. आवाज त्यांना बऱ्यापैकी येतोय. पण शब्द ओळखण्याचं प्रमाण फारच कमी आहे. असं असेल तर मशीनने आवाज मोठा होईल, पण बोलणं उमजेल याची खात्री मी देऊ शकत नाही. तुम्ही घरी विचार करा."

मी बाहेर येऊन दत्ताला फोन लावला. ताई म्हणाल्या ते सांगितलं. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या दादा. शेळ्या इकून टाकतो."

आत्या शेजारी उभी होती. तिला फोनमधलं काही ऐकू आलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.  तिने पदर सारखा केला आणि बाकावर सुनंदाच्या शेजारी जाऊन बसली. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसलो.

"काय विचारलं होतं हो तपासणीत?" सुनंदा म्हणाली.

मी सगळं सांगितलं. माझ्या मदतीचाही विनम्र उल्लेख केला.

सुनंदा श्रीरामपूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या ताई पाणी म्हणाल्या, आणि या पानी म्हणाल्या."

"हो."

"मग तुमचे वडील काय म्हणायचे?"

"पानी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही झोपेत मागता तेव्हा काय म्हणता?"

मी कानाचं चित्र अधिक बारकाईने पाहू लागलो.

सुनंदाने आत्याच्या कानाशी तोंड नेऊन तिला हळूहळू सगळं समजावलं, की तुमचे शब्द चुकले असं निघालंय, म्हणून दत्ता शेळ्या विकायला निघालाय. आत्या माझ्याकडे वळली. "आरं, ती पोरगी पानी म्हनली, मी पानी म्हनले. ती हीर म्हनली, मी हीर म्हनले. आता तिलाच ऐकू येत न्हाई, त्याला मी काय करू?"

सुनंदा आत्याचा हात धरून सरळ आत गेली. मीही निघालो, तर तिने दारातच सांगितलं, "तुम्ही बाहेर बसा." ताईंनी ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग हसायलाच लागल्या. तपासणी पुन्हा झाली. या वेळी शेजारच्या खुर्चीवर सुनंदा होती आणि आत्या आपल्या भाषेत उत्तरं देत होती. दार लोटलेलं होतं, तरी मला ऐकू येत होतं. लोनी. बरोबर. हीर. बरोबर. आय. बरोबर. माझी नोकरी शब्दाशब्दाने उलटी फिरत होती.

"छान कळतंय की आजींना," ताई बाहेर येऊन म्हणाल्या. "मशीनचा नक्की उपयोग होईल. दोन्ही कानांना लावू." आणि माझ्याकडे बघून सौम्यपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही पेपर जरा कडक तपासता."

मग कानांचे साचे घेतले, त्या मापाने कानात बसणारे भाग बनून आले, आणि एके दिवशी दोन मशीन घेऊन आम्ही घरी आलो. ताईंनी सगळं शिकवलं होतं: लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. आंघोळीला काढायचं. रात्री डबीत ठेवायचं. डबीत ओल शोषणारे मणी असतात. मळ साचला तर छोट्या ब्रशने झाडायचा.

"म्हंजी दागिना हाय," आत्या म्हणाली. "अंगुळीला उतरवायचा, रातीला डबीत घालायचा, कुनाला द्यायचा न्हाई."

तिला समजलं होतं. मला नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसेने तिला मशीन बसवून द्यायला गेलो. ती माझ्यासमोर बसली होती. लाल म्हणजे उजवा, म्हणून मी माझ्या उजव्या हाताला असलेल्या तिच्या कानात लालवालं घालू लागलो. जाईना. मी वळवलं, दाबलं, पुन्हा वळवलं.

"बाळू," आत्या दात आवळून म्हणाली, "कान हाय. उशीची खोळ न्हाई."

समोरच्या माणसाचा उजवा कान आपल्या डाव्या हाताला येतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेव्हापासून आत्या स्वतःच लावायची, आरशाशिवाय, एका झटक्यात.

पहिले काही दिवस तिला सगळंच नवं होतं. स्वतःच्या बांगड्या वाजल्या की दचकायची. कागद चुरगळला तर म्हणायची, "पाचोळ्यात काय शिरलं?" एकदा मला म्हणाली, "तू चालताना एवढा फरफटतो व्हय रं? मी आपलं समजत होते, पोरगं मोठं झालं." ताईंनी सांगितलंच होतं की कानाला सवय व्हायला वेळ लागतो, मध्ये दोनदा जाऊन आवाज कमी-जास्त करून आणला. हळूहळू पंखा मागे गेला आणि माणसं पुढे आली. आत्या सुनंदाशी गप्पा मारताना हसू लागली. दोन्ही वेळा जेवू लागली.

मग एका रविवारी दत्ता यायचा ठरला. तो काही सांगणार नव्हता. नुसता दार वाजवणार होता, तेही हळू. हे त्याने मला फोनवर सांगून ठेवलं होतं, आणि मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. आत्या स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून भाजी निवडत होती. मी समोर बसलो होतो. तिला गावी जायला मिळावं म्हणून माझा जीव इतका टांगला होता, की बाहेर पावलं वाजली आणि मी तिला डोळ्यांनी खुणा करू लागलो. आधी एक डोळा. मग दोन्ही. मग भुवया.

आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "डोळ्यात काय गेलं का तुझ्या? पान्यानं धू. आन आधी दार उघड, दत्त्या आलाय. पायरीवर घासल्याबिगर त्याचं पाऊल उचलत न्हाई, लहानपनापासून."

अजून त्याने दार वाजवलंही नव्हतं.

दत्ता आत आला तो डोळे पुसतच आला. आत्याने त्याला चहा दिला आणि विचारलं, "इकल्या का शेळ्या?"

"न्हाई आई," दत्ता म्हणाला. "गिऱ्हाईक आलं हुतं. हाकलून दिलं."

चार दिवसांनी मी आत्याला माळीवाडा स्टँडवर जामखेडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही कानांत मशीन, मांडीवर पिशवी, पिशवीत डबी. माझा मात्र पाय निघेना. मी खाली उभा राहून, खिडकीच्या गजांना धरून, इतक्या महिन्यांच्या सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होतो. आंघोळीला काढ. सेल बदलायचे विसरू नको. पोचल्यावर फोन कर. अख्खी गाडी वळून बघत होती.

कंडक्टर तिकिटं फाडत आत्यापर्यंत आला. "आजी, कोन हायेत हे?"

"भाचा हाय माझा," आत्या हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाली. "मास्तर हाय. लई गुनाचा हाय, पन कमी ऐकू येतं बिचाऱ्याला."

कंडक्टरच्या चेहऱ्यावर माया आली. त्याने खिडकीतून वाकून, दोन्ही हातांनी खुणा करत, एकेक शब्द सुटा करून मला सांगितलं, "काका... गाडी... सुटली... मागं... व्हा."

मी मान डोलावली आणि मागे झालो. गाडी गेली. शेजारी उभ्या असलेल्या एका भल्या माणसाने हे सगळं पाहिलं होतं. त्याने माझा हात धरला आणि मला जपून रस्ता ओलांडून दिला. मला खरं तर रस्त्याच्या अलीकडेच थांबायचं होतं. पण एवढ्या प्रेमाने कोण कुठे नेतं आपल्याला, म्हणून मी गेलो.