पुतणीची पसंती आणि दोन राउटर

आमच्या घराण्यात मी इंजिनिअर समजला जातो, कारण मी मोबाइलची कव्हरं विकतो.

आर्वीत माझं छोटंसं दुकान आहे. कव्हर, चार्जर, काच बसवून मिळेल, एवढाच पसारा. पण घरात कुणाचाही फोन गरम झाला की तो माझ्या हातात येतो. मी तो उलटा करतो, भुवया आक्रसतो आणि म्हणतो, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम दिसते." यावर आजवर कुणी काही विचारलेलं नाही. (सॉफ्टवेअर म्हणजे नेमकं काय, हे मीही कुणाला विचारलेलं नाही!)

माझं घर रस्त्याला लागून, आणि थोरल्या भावाचं, दादाचं, अंगण ओलांडून मागे. इंटरनेट माझ्याकडे. ते दादाच्या उंबऱ्यापर्यंत जायचं आणि तिथूनच परत यायचं. त्यात दादाच्या मुलीला, पल्लवीला, स्थळ आलं. मुलाचे आईवडील वर्ध्याहून प्रत्यक्ष येणार होते. मुलगा पुण्यात, त्याला सुट्टी नाही. तो व्हिडिओ कॉलवर, दादाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर दिसणार होता. दादा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला.

"काऊन रे, थो पोरगा मधातच अटकला त? तोंड उघडं अन् बोलणं बंद! मंग पसंत करावं तरी कसं?"

"मी आहो ना! तुह्याकडं माहा जुना राउटर लावतो. दोन राउटर बिनावायरचे जोडले का झालं."

"तुले जमते?"

"मले नाई जमन त कोणाले जमन?"

"तेच त भेव आहे," मागून वहिनी म्हणाल्या.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसानं दोन बटणं दाबली आणि त्याचं नेट गच्चीपर्यंत गेलं. मी दाबली, तर माझंही गेलं! माझ्या घरातूनही आणि दादाच्या उंबऱ्यावरूनही गेलं. बायकोची मालिका ऐन थपडेवर थांबली. (थप्पड नेमकी कुणाला बसली, हे तिला अजून कळलेलं नाही. गुन्हेगार मी.) सेफ्टी पिन खुपसून खुपसून जुन्या राउटरचं रीसेटचं भोक मोठं झालं, तेव्हा कुठं शोध लागला की कंपनीनं दोन्ही राउटरना नेटवरचा पत्ता एकच दिला आहे.

"एकाच पत्त्यावर दोघं आहेत, म्हणून भांडून राह्यले," मी दादाला समजावलं.

"म्हणजे आपल्यासारखंच! मंग आता?"

"एकाले नवीन पत्ता द्या लागते."

"दे. पण माह्यावाल्याले जुनाच ठेवजो. मी मोठा आहो!"

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी स्टुलावर गव्हाचा डबा, डब्यावर पाट आणि पाटावर राउटर असा मनोरा दादाच्या खिडकीत उभा राहिला आणि हिरवा दिवा लागला. दोन्ही घरांचं नेट एक, नाव एक, पासवर्ड एक. वाटण्या झाल्यापासून आमची दोन घरं पहिल्यांदाच एक झाली होती. आणि घोळ तिथंच होता, हे व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं नव्हतं.

"तू घरीच राह्यजो," दादा म्हणाला. "चहाच्या टायमाले येजो."

"काऊन?"

"तुह्यावाल्या राउटरपाशी कोणी पाह्यजे ना!"

(खरं कारण असं की पाहुण्यांसमोर मी फार बोलतो. पण मला ती जबाबदारीची जागा वाटली आणि मी छाती फुगवून बसलो.)

बायको वहिनींच्या मदतीला गेली. घरात मी एकटा. आता, एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. पोट कमी करण्यासाठी मी दार लावून नाचायचो. फाटकी बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कानात गाणं. पाय बरोबर पडतात का हे पाहायला मी एक नाच मोबाइलवर टिपला होता. म्हटलं, बायको नाही, टीव्ही मोकळा आहे, मोठ्या पडद्यावर बघू! मोबाइलवरून टीव्हीवर पाठवायचं बटण दाबलं. नेट एक झालेलं, म्हणून यादीत एकाच नावाचे दोन टीव्ही आले. दोन्ही घरांनी एकाच कंपनीचे घेतलेले. मी विचार न करता वरचा दाबला. आमचा टीव्ही काळाच! पुन्हा दाबला. आवाज वाढवला. आणखी वाढवला.

पुढचं मला बायकोनं सांगितलं, पोट धरून हसत.

दादाच्या टीव्हीवर मुलगा कोट-टाय लावून "मला वाचनाची आवड आहे" म्हणत होता. तेवढ्यात टीव्ही चमकला, तो गेला आणि मी आलो. नाच टिपताना गाणं माझ्या कानात होतं, त्यामुळे हॉलमध्ये नुसता धापा टाकण्याचा आवाज! ज्या लॅपटॉपवरून कॉल टीव्हीला जोडला होता, तो मात्र टीव्हीखाली चालूच होता. मुलाला तिकडे आ वासलेले सगळे चेहरे दिसत होते. त्याला वाटलं, आपल्याकडेच बघून राह्यले.

"केवढं पोट हे, बाई!" त्याची आई ओरडली.

"आई, कॅमेऱ्यात जाड दिसतं," लॅपटॉपमधून आवाज आला.

"अन् बनियन पाहा, फाटकी!" वडील म्हणाले.

"बनियन दिसतेय?" मुलानं विचारलं.

"चड्डीवर कायले उड्या मारून राह्यला हा माणूस?" वडील पुन्हा म्हणाले.

आता मुलाचा धीर सुटला. "सॉरी! वरती कोट आहे, खाली बर्म्युडाच आहे. पण मी उड्या मारत नाहीये हो, मला पाय हलवायची सवय आहे! तुम्हाला टेबलाखालचं दिसलं कसं?"

पल्लवी इतक्या जोरात हसली की हातातला पोह्यांचा चमचा उडाला. वहिनी पदर पसरून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. माझ्या बायकोनं टीव्हीची वायर उपटली.

"हे कोण होते?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

ज्या दादासोबत मी लहानपणी एका ताटात जेवलो, त्यानं डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "शेजारी आहे. त्याचं नेट आमच्यात घुसते."

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. चहाची वेळ झाली म्हणून मी नवा झब्बा घालून ऐटीत दादाकडे गेलो. मला पाहताच सगळे गप्प. मला वाटलं, हा आदर!

"नेट कसं चालून राह्यलं?" मी विचारलं.

दादा छताकडे पाहत होता. पल्लवी ओठ दाबत उठली आणि नेहमीसारखी माझ्या पाया पडली.

मुलाच्या आईचे डोळे भरून आले. "पाहा जी! शेजाऱ्याच्याही पाया पडते. असे संस्कार आजकाल कुठं आहेत?"

लॅपटॉपमधून मुलगा म्हणाला, "मला पसंत आहे." पल्लवी म्हणाली, "मलेही. न विचारता बर्म्युडाचं खरं सांगितलं, म्हणून." पेढे वाटले गेले. शेजारी म्हणून मलाही एक मिळाला.

पल्लवीचं लग्न माझ्यामुळं जमलं, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगतो. फक्त मी तिचा कोण, एवढं सांगायला अक्षता पडेपर्यंत मला बंदी आहे!